सोंड खाली येते!

हसायचं नाही, या अटीवर सांगतो. चहा ओता आधी. माझ्याइतका मूर्खपणा जूचंद्रमध्ये आजवर कोणी केला नसेल, आणि इतक्या शिस्तीत तर नक्कीच नाही!

त्याचं असं झालं, दोन वर्षांपूर्वी सातिवलीला आमच्या गोडाऊनचे पत्रे वाऱ्यानं उडाले. एक पत्रा तर माझ्या डोक्यावरून सुंईकन गेला. त्या दिवसापासून मी टॉर्नेडोचा अभ्यास धरला. धूळ उडवणारी साधी वावटळ नाही हो, घरं उचलून नेणारी! मोबाइलवर इतके व्हिडिओ पाहिले की बायको म्हणाली, "अहो, एवढा अभ्यास दहावीला केला असतात तर?"

करा थट्टा! पण चार लक्षणं मी अख्ख्या सोसायटीकडून पाठ करून घेतली. आभाळ हिरवट होतं. वारा एकदम पडतो. मालगाडीसारखी धडधड ऐकू येते. आणि शेवटी ढगाच्या पोटातून सोंड खाली येते! सोंड दिसली की विचार करायचा नाही, सगळ्यांनी तळमजल्यावर मीटररूममध्ये पळायचं.

यंदा गणेशोत्सव समितीचा अध्यक्षही मीच. शाडूची मूर्ती आणायची हा माझा हट्ट. "पावसात वाळली नाही तर? मोडली तर?" अर्धी सोसायटी विरोधात. मी छाती ठोकून सांगितलं, "मोडली तर राजीनामा देईन!" आणि मूर्तीचं काम दिलं धर्माकाकांना. गावातले जुने मूर्तिकार. रेल्वेरुळाला लागूनच त्यांचा गणपतीचा कारखाना.

चतुर्थी चार दिवसांवर आलेली. दुपारी मी गॅलरीत उभा होतो. वर बघतो तर काय, आभाळ हिरवंगार! वारा? पान हलत नव्हतं. तेवढ्यात लांबून धड धड, धड धड... अगदी मालगाडी! तीन लक्षणं झाली की हो! आणि फोन वाजला. धर्माकाका.

"भाऊ, सोंड खाली येते!"

मी ओरडलो, "किती खाली?"

"पोटाला टेकली बगा! कोनाला तरी..." पुढचं त्या धडधडीत बुडालं.

"काका, तुम्ही कुठे आहात?"

"मी हितंच, सोंडेखाली बसलोय!"

"अहो, सोंडेखाली काय बसताय! सोडा सगळं आणि पळा!"

"सोडू?"

"सोडा!"

"नक्की सोडू? मंग मला बोलू नका."

"जीव मोठा की काम मोठं? सोडा म्हणतो ना!"

धप्प! एवढाच आवाज आला आणि फोन बंद. झालं, काका गेले!

पण सेनापतीनं रडायचं असतं का? मी "सोंड! सोंड!" असा टाहो फोडत चौथ्या मजल्यावरून निघालो. प्रत्येक दारावर दोन थापा. कोणी अर्धी दाढी करून आलं, कोणी भरला कुकर उचलून आणला. अठ्ठेचाळीस माणसं, चार मिनिटांत मीटररूममध्ये! जराही चेंगराचेंगरी नाही. आजही सांगतो, असा बंदोबस्त मोठमोठ्यांना जमणार नाही. माझी छाती अभिमानानं फुगली होती.

मग बायकोचं गुलाबी हेल्मेट घातलं, दोर खांद्यावर टाकला. बायको अडवत होती. मी म्हटलं, "माझ्यामागे पोरांना सांभाळ. काकांना घेऊनच येतो!"

गेटबाहेर आलो. वर पाहिलं. आभाळ पांढरंफटक! रुळावरून मालगाडीचा शेवटचा डबा निवांत चालला होता. तिथेच थोडी शंका आली खरी. पण हेल्मेट घातलेला माणूस मागे फिरतो का?

कारखान्यात काका शांत बसून तंबाखू मळत होते. समोर आमचा बाप्पा. देखणा, प्रसन्न. आणि सोंड नाही! सोंड खाली पाटावर चपटी होऊन पडलेली.

"काका, हे काय?"

"काय म्हंजे? सोंडेला तडा गेलेला. ओली माती लावून हातानं धरून बसलो होतो. टेकू द्यायला मानूस पाठवा म्हनून फोन केला. तुमी म्हनलात सोडा. सोडली."

मी हेल्मेट काढून कडेला ठेवलं. मागून बायको धापा टाकत आली. "अहो, आभाळ हिरवं कुठलं? रंगकामाची हिरवी जाळी महिनाभर बांधलीय गॅलरीबाहेर!"

काकांनी दोन दिवस पंखा लावून, हातातलं सगळं काम बाजूला ठेवून, नवी सोंड बसवली. पहिलीपेक्षा सुरेख! चतुर्थीला बाप्पा आले आणि मी सगळ्यांसमोर राजीनामा पुढे केला. कोणी घेईना. सेक्रेटरी म्हणाले, "राहू द्या हो. चार मिनिटांत अख्खी इमारत खाली उतरवणारा अध्यक्ष कुठे मिळणार?"

मी लगेच ताठ झालो. "बघा काका! वादळ आलं नाही, पण तयारी कशी होती?"

काकांनी मोदक तोंडात टाकला. "आलं नाय कसं? चौथ्या मजल्यावरनं गरगरत उतरलं, बोंबलत माज्या कारखान्यात आलं, आनि जाता जाता बाप्पाची सोंड घेऊन गेलं!"