वरच्या मजल्यावरची आयरिश बाई

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि तेलीबांध्याकडे नवी घरं उठायला लागली, तेव्हा बाबांनी जुन्या वस्तीतलं, ब्राह्मणपाऱ्यातलं घर काकांवर सोपवून तिकडे दोन मजली घर बांधलं. वरच्या मजल्यावर पहिली भाडेकरू आली ती पन्नाशीची एक गोरी बाई. नव्या शहराची आखणी करणाऱ्या एका कंपनीत ती कामाला होती. तिचं-माझं बोलणं इंग्रजीत चालायचं. "ऑस्ट्रेलियाच्या ना तुम्ही?" मी विचारलं, तर म्हणाली, "जन्म तिथला. पण आम्ही आयरिश."

तिच्या खापरपणजोबांनी उपासमारीच्या काळात आयर्लंड सोडलं होतं. त्यानंतर घरातलं कुणी तिकडे राहायला गेलं नव्हतं. तरी तिने दारावर हिरवी फीत बांधली होती आणि तिकडची जुनी भाषा ती पुस्तकातून शिकत होती. मला याचं नवल वाटायचं. बाबांना मात्र ती एकदम पटली.

"आपण काय वेगळे आहोत?" ते म्हणाले. "भोसल्यांच्या फौजेसंगं आलो, किती पिढ्या झाल्या. कोणी विचारलं तर अजून मराठीच सांगून राहिलो ना?"

संध्याकाळी दोघं गच्चीवर बसून, तिला येत होत्या तेवढ्या मोडक्यातोडक्या हिंदीत, आपापल्या पूर्वजांच्या गोष्टी सांगत.

मार्चमध्ये आयर्लंडच्या संताचा सण आला. तिने आम्हाला वर जेवायला बोलावलं. तिच्या ऑफिसात थोड्या दिवसांसाठी आलेला एक तरुण इंजिनियरही होता, आयर्लंडमध्येच जन्मलेला, वाढलेला. तिने सणासाठी मुद्दाम शिवून घेतलेला हिरवा कुर्ता घातला होता. जेवणं झाल्यावर ती उभी राहिली आणि डोळे मिटून त्या जुन्या भाषेत गाऊ लागली.

दुसऱ्या कडव्याला तो तरुण हसला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. "माफ करा," तो म्हणाला, "पण हे शब्द असे कुणी म्हणत नाही तिकडे. आणि हे हिरवे कपडे वगैरे... हे आमच्याकडे फिरायला येणारे लोक करतात."

तीही हसली. पण मानेपासून कानांपर्यंत लाल झाली होती. गाणं तिने पुरं केलं नाही, ताटं उचलायला लागली.

बाबांना इंग्रजी समजत नव्हतं. "काहून थांबली ती?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. माझेही कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालायला वर गेले, तर ती दारावरची फीत सोडत होती. मी बादली खाली ठेवली आणि तिला माझीच गोष्ट सांगितली. मी एकदा एका लग्नाला पुण्याला गेले होते. आतून कुणी हाक मारली तशी मी म्हणाले, "येऊन राहिली." सगळ्या बायका हसल्या. "येऊन कुठे राहिलीस गं?" एकीने कौतुकाने ते माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. दुसरीने विचारलं, "तुम्ही घरी मराठीच बोलता का?" उरलेलं लग्न मी मान डोलावून काढलं. बाबांना यातलं काही सांगितलं नाही. मला गाडीत बसवताना ते म्हणाले होते, "आपल्या लोकांत चालली आहेस."

"मग काय केलंस?" तिने विचारलं.

"त्यांच्यासारखं बोलायला शिकले."

तिने सोडलेली फीत बोटाला गुंडाळली आणि म्हणाली, "मला तुमची भाषा शिकव. बाबांशी बोलता येईल."

मी चहापासून सुरुवात केली. "मला चहा हवा आहे," असं तिच्याकडून म्हणवून घेत होते, तेवढ्यात बाबा जिना चढून आले.

"'मले' बोलो, दीदी," ते तिला म्हणाले. "मले चहा पायजे." मग माझ्याकडे वळले. "हे असं काहून शिकवून राहिली तिले? आपल्या घरी कोण बोलते असं?"

ते रागावले नव्हते. खरंच विचारत होते. मी खाली बघून पिळलेली चादर पुन्हा पिळत राहिले.

ती आणखी वर्षभर होती. बाबांशी 'मले-तुले' करत मजेत बोलायची. मी समोर आले की मात्र जराशी अडखळायची, कोणता शब्द वापरावा याचा विचार करायची, आणि शेवटी इंग्रजीतच बोलायची.