वंदनाताईच्या खुर्चीची चौथी दोरी

दुपारपासून हे लिहायचं टाळून राहिलो. मधे उगाच तलावावर चक्कर मारून आलो, तिथे मासे पकडणारे पाहत बसलो. आता लिहितोच.

आज भंडाऱ्याला दिव्यांगांच्या गोळाफेकीची निवड होती. आमच्या करडी गावची वंदनाताई बसून गोळा फेकते. तिची लोखंडी खुर्ची चार खुंट्यांना दोरीने आवळावी लागते, कारण फेकताना ताई जागेवरून जराही उठली की फेक बाद. बांधायचं काम माझं.

तीन दोऱ्या आवळल्या. चौथी गुंडाळतो तोच पलीकडे लांब उडी सुरू झाली.

"झालं का रे?" ताईने विचारलं.

"हो हो, पक्कं!" म्हणत मी तिकडे पळालो.

ताईची शेवटची फेक आजवरची सगळ्यात लांब गेली. पण खुर्ची सरकली, ताई उचलली गेली आणि पंचांनी लाल झेंडा वर केला. राज्य स्पर्धा हुकली.

परतताना तीच मला समजावत होती. "माह्यंच चुकलं. लय जोर लावला. आता कमीच लावीन. तू काहून तोंड पाडून बसला बे?"

माझ्या सैल दोरीपायी ती आता हात आखडून फेकणार!

तुमच्यापैकी कोणी असं काही कबूल केलंय का? पहिलं वाक्य काय बोललात?

थांबा. अंगणात तीनचाकी थांबली. ताईच आली आहे, मांडीवर डबा घेऊन. म्हणते, "सकाळपासून उपाशी आहेस न रे?"