साखर बंद करून गाठ मरत न्हाई

ग्रुपवरच्या समद्यांनी वाचा, असले शाणे तुमच्यातबी लय हायती.

आमच्या म्हाताऱ्याच्या लघवीच्या पिशवीत कॅन्सरची गाठ हाय. तासगावचा धाकटा दीर म्हणला, "वैनी, गाठ साखरंवर जगती. साखर, भात समदं बंद करा, उपाशी मरंल." बेदाणा पारखणारा माणूस, कॅन्सर पारखाय निघाला! म्हाताऱ्यानं ऐकलं. गाठ ऱ्हायली, म्हातारा वाळला.

आज सांगलीला डॉक्टरनं वजन बगून ऑपरेशन फुडं ढकललं. म्हणला, "आजी, गाठीच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात, हे खरंय. 'वाढत राहा' हा त्यांच्या आतला इशारा बंदच होत नाही. पण खाणं तोडलं की शरीर स्वतःचं मांस मोडून साखर करतं. गाठ तीही खाते. आधी यांना जेवू घाला."

दीर संगं आलता, त्यो भाईर जाऊन बिडी वढाय लागला. ह्या रोगाला बिडीच मोठं कारण, ह्ये डॉक्टरनं आदीच सांगितलंय. मी म्हणलं, "भावजी, ह्या बिडीला कवा उपाशी मारताय?" त्यो थेट यष्टीला पळाला.

घरी म्हाताऱ्याफुडं तूप-भात ठेवला. घास हातात धरून इचारतोय, "ह्यानं गाठ वाढंल न्हवं?"

गाठ डॉक्टर कापंल. दिरानं घातलेलं भ्या कोण काढणार, सांगा की.