व्हरांड्यातला फळा

शाळा भरण्यापूर्वी व्हरांड्यातला फळा पुसून टाकणारा मीच होतो, हे मी कोणालाही कळू दिले नव्हते. त्यावर नव्या जोशीबाई एकसारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांतला फरक चित्रांतून समजावतात. आज पुसलेल्या जागी त्या ‘डेझर्ट’खाली उंट आणि ‘डिझर्ट’खाली आइस्क्रीम पुन्हा काढत होत्या. मुली ओरडत होत्या, “बाई, उंटाला गॉगल घाला ना!”

इंग्रजी मीही आयुष्यभर शिकवले. माझ्यापाशी असा हट्ट कोणी धरला नाही. खांबाआड उभा राहून मी जळत होतो, तरी तिथून पाय निघत नव्हता. मत्सर इतके निरखून पाहतो, की कौतुक त्याच्यापासून हातभरच दूर असते.

बाईंचा खडू तुटला. मी माझा पुढे केला.

“बाई, फळा मीच पुसत होतो. माझं चुकलं, मला क्षमा करा.”