आबांचं हिरवं निशाण

चंद्राचा हात माझ्या हातातून सुटला तेव्हा माझ्या छातीला पुढच्या माणसाची पाठ लागली होती आणि पाठीला मागच्यांचा रेटा. खाली वाकायला जागा नव्हती. माझी पोर, चार वर्षांची. माझ्या गुडघ्यापाशी कुठेतरी ओरडत होती, मग ओरडणं थांबलं. बोळाच्या टोकाला कोठाराचं दार होतं आणि दारात सांधेवाले आबा उभे होते. हातात अजून हिरवं निशाण होतं. त्यांनी ते टाकलं, आत वळले आणि भिंतीतून आलेली एक तार दोन्ही हातांनी ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. तार हलली नाही.

ती तार कसली होती हे सांगायचं तर आधी आबा सांगावे लागतील.

आबा रेल्वेत सांधेवाले होते. खंडाळ्याच्या घाटात रूळ बदलायचं काम त्यांनी तीस वर्षं केलं. माणूस गोड नव्हता. कुणी नमस्कार केला तर आधी त्याच्याकडे बघून घ्यायचे आणि मग हात जोडायचे. त्यालाही कारण घाटच होता. घाट उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा कायम एका आडवाटेला लावलेला असायचा. ती वाट डोंगरावर चढायची आणि तिथेच संपायची. गाडी थांबली, ड्रायव्हरने शिट्टी देऊन गाडी ताब्यात असल्याचं कळवलं, तरच सांधा मोठ्या लाइनीला फिरवायचा. ब्रेक गेलेली गाडी आली तर ती आपोआप चढावर जाऊन दमायची. आबा म्हणत, "उतारावर कुनाचा भरवसा धरायचा न्हाई. चांगल्या गाडीचा बी न्हाई."

नोकरी संपल्यावर त्यांचं घरात मन लागेना. रोज घाटात जाऊन बसायचे आणि नवा सांधेवाला काम नीट करतो की नाही ते बघायचे. त्याने तक्रार केली आणि साहेबाने आबांना तिकडे फिरकायला बंदी केली. मग आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शेवटी बायको म्हणाली, तुमी घरात ऱ्हायलात तर मी म्हायेरी जाईन. ती खरंच गेली असती. तशी होती.

ते लढाईचे दिवस होते. ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा बंद झाला होता आणि बाजारात जोंधळा दिसेना. लोणावळ्यातल्या तीन म्हाताऱ्यांनी मुठीचं कोठार काढलं. आबा, शाळेतून रिटायर झालेले गुरुजी आणि साहेबाच्या बंगल्यावर जन्मभर स्वयंपाक केलेले इमामभाई. घरोघरच्या बायकांनी स्वयंपाकाआधी एक मूठ धान्य बाजूला काढायचं, सकाळी या तिघांनी झोळ्या घेऊन ते गोळा करायचं आणि एका व्यापाऱ्याच्या रिकाम्या गोदामातून गरजूंना वाटायचं. ज्याच्या घरी चूल नव्हती त्याला इमामभाई तिथेच पेज घालायचे. म्हणायचे, "साहेबाला तीस साल खिलवलं, रोज म्हणायचा मीठ कमी. इथं कोणी मिठाचं नाव काढत नाही." तिघंही त्या कामाने तरतरीत झाले होते. आबा तर नोकरीत नेसत तसं धुतलेलं धोतर नेसून सूर्य उगवायच्या आत हजर असत.

माझा नवरा मुंबईला गोदीत गेला होता आणि तिकडून काही येत नव्हतं. मी वाकसईहून पोरीला घेऊन चालत यायची. पहिल्या दिवशी आबांनी मला दारात उभं करून चार प्रश्न विचारले. मला राग आला. भिकाऱ्यालाही कुणी इतकं विचारत नाही. नंतर कळलं की गावच्या पाटलाच्या सुनेलाही त्यांनी तेच चार प्रश्न विचारले होते, आणि ती मूठ द्यायला आली होती.

वाटायची रीतही रेल्वेची. दारात लाल निशाण असलं की थांबायचं, हिरवं दिसलं की पुढच्या एकाने आत जायचं, शेरभर धान्य घ्यायचं आणि बाहेर यायचं. सरकारी निशाणं नोकरीबरोबर परत गेली होती, म्हणून बायकोच्या जुन्या लुगड्यांची फाडून केली होती. आम्हाला त्याची इतकी सवय झाली की हिरवं दिसलं की पाय आपोआप उचलायचे.

दुसरी रीत बोळातल्या दाराची. गोदामाकडे येणारा बोळ अरुंद, दोन्हीकडून भिंती. आबांनी व्यापाऱ्याच्या मागे लागून कोठाराच्या जरा अलीकडे डाव्या भिंतीत एक रुंद दार पाडून घेतलं. ते पलीकडच्या माळावर उघडायचं. माळ चढाचा, करवंदीच्या जाळ्यांचा, तिथे जायचं कुणाला काही कारण नव्हतं. दाराला पलीकडून अडसर होता आणि अडसराची तार भिंतीतून कोठारात आणलेली. तार ओढली की अडसर उचलला जायचा. गुरुजी म्हणाले, अहो, या दारातून जायचं कुणी? आबा म्हणाले, कुनी न्हाई. सगळं लोणावळं त्यावर हसलं.

बेडशाची ठकूबाई सगळ्यात जास्त हसली. म्हातारी सत्तरीची, कामशेतपर्यंत चालत आणि पुढे गाडीने, तेही बिगर तिकिटाचं. आबांना ते कळलं तेव्हा त्यांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. रेल्वेला फसवतीस आणि रेल्वेच्या माणसाकडं धान्य मागतीस?

"तिकिटाला पैसं असतं तर तुज्या दारात कशाला आले असते, मेल्या?" ती म्हणाली.

आबांनी तिला शेर जरा दाबून भरून दिला. पुढच्या वेळी पुन्हा झापलं.

आता त्या दिवसाचं. आधीचे आठ दिवस कोठार रिकामं होतं. कुणीतरी जोंधळ्याची गाडी द्यायचं कबूल केलं आणि ही बातमी गावोगाव गेली. सकाळी बोळात दोन-अडीचशे माणसं होती. सगळी उपाशी. दारात लाल निशाण. बैलगाडी बोळाच्या तोंडाशी आली, पण गर्दीतून आत येणार कशी? गाडीवान वर उभा राहून आबांकडे बघू लागला. आबांनी त्याला मागच्या वाटेने ये असं सांगण्यासाठी हात वर केला. त्या हातात हिरवं निशाण होतं. तीस वर्षांची सवय. गाडी दिसली की हात आपोआप वर जायचा.

निशाण गाडीला होतं. बघितलं आम्ही सगळ्यांनी. मागच्यांना वाटलं पुढे वाटप सुरू झालं. रेटा आला आणि माझा हात सुटला.

तार हलत नव्हती, कारण माणसं त्या दारावर दाबली गेली होती आणि अडसर आवळला होता. आबांनी तार हाताला गुंडाळली आणि अंगाचं सगळं ओझं टाकलं. तारेने त्यांचे हात कापले गेले, ते मला दिसत होतं. मला वाटत होतं की ओरडावं, पण ओरडायला छातीत हवा नव्हती. मग इमामभाई पेजेचा डाव टाकून आले आणि आबांच्या कमरेला धरून मागे झुकले. अडसर निघाला. दार उघडलं आणि माणसं पाण्यासारखी माळावर गेली. चढ होता. दहा पावलं गेली, वीस गेली, दमली आणि करवंदीत बसली. मागची माणसं त्यांच्यामागे गेली. बोळ मोकळा झाला.

चंद्रा भिंतीच्या कोपऱ्यात सापडली. तिच्यावर ठकूबाई होती, दोन्ही हात भिंतीला टेकून. पोर जिवंत होती, म्हातारी गेली होती. म्हातारीने पोरीला मुद्दाम झाकलं की रेट्याने ती तिथे गेली, मला माहीत नाही. लोक पुढे काय काय सांगू लागले. मी तिथे होते आणि मी बघितलं नाही.

आबा आले, ठकूबाईजवळ बसले. म्हणाले, "निशान ज्याला दिसलं त्याचं. चूक माजी हाय." गुरुजी म्हणाले, दार नसतं तर पन्नास गेले असते. आबा म्हणाले, ते येगळं, हे येगळं.

त्यांनी कोठाराला कुलूप लावलं आणि बेडशाला ठकूबाईच्या नवऱ्याकडे गेले. मीही गेले, जायलाच हवं होतं. म्हातारा ओसरीवर बसला होता. आबांनी हात जोडले, झालेलं सांगितलं आणि म्हणाले की कोठार बंद केलं.

म्हातारा म्हणाला, "ती आणायची म्हनून मी खायचो. ती गेली. आता तू कुलूप लावलंस. मी काय खाऊ?"

आबांनी झोळीतला जोंधळा त्याच्या पुढ्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी कुलूप निघालं. दर आठवड्याला आबा बेडशाला जाऊ लागले. तिकीट काढून.

निशाण त्यांनी पुन्हा कधी हातात धरलं नाही. हिरवं फडकं मला दिलं, ते मी शेर पुसायला वापरलं. मी चौथी झालेली, म्हणून मला बोलावून त्यांनी सगळ्यांची नावं गावांसकट लिहून काढायला लावली. पुढे मी दारात उभी राहून एकेक नाव वाचायची. "निशान समद्यांना दिसतं, नाव एकालाच लागू व्हतं," ते म्हणत. कधी घाई करून दोन नावं एका दमात घेतली तर आतून ओरडत. पुढे सरकारी रेशन सुरू झालं तरी कोठार चाललं, आणि आबा गेल्यावरही दोन वर्षं मी नावं वाचत होते. ठकूबाईचं नाव यादीतून काढायचं नाही असा त्यांचा हुकूम होता. त्या नावाला नवऱ्याचा शेर निघायचा.

त्या दिवशी बोळात होतो त्यांतले आबा नंतर सात वर्षं जगले. इमामभाई आणि गुरुजी जगले. मी जगले. चंद्रा जगली, तिला आता नातवंडं आहेत. ठकूबाई तेवढी जगली नाही.