छातीतला पारवा

मुलांच्या डॉक्टरकडे वर्षभर खेपा घातल्या, की किस्से साठत जातात. औषधाच्या अर्धवट बाटल्यांसारखे! माझी नात इरा चार वर्षांची. पहाटे तिच्या छातीत शिट्टी वाजायची. हेंद्रेपाड्यातून अंबरनाथच्या दवाखान्यात पोचलो, की छाती गप्प!

"दमा आहे की नाही? एका शब्दात सांगा!" मी कडाडलो. जन्मभर बातमीदारी केली. मोघम उत्तर आलं की माझं डोकं फिरतं.

"काका, या वयात नुसत्या सर्दीनेही शिट्टी वाजते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बऱ्याच मुलांची पुढे आपोआप थांबते. आत्ताच शिक्का मारू का?"

एवढ्यावर मी मंत्र्यालाही सोडलं नसतं!

*

"आवाज कसा येतो?" असं बाई विचारायच्या. मग पालक नक्कल करायचे. उल्हासनगरची एक सिंधी आई किटली व्हायची, एक बाप थेट बाजाची पेटी! पडद्यातून दुपारचं पिवळं ऊन यायचं, मुलं पेंगायची आणि मोठी माणसं शिट्ट्या वाजवायची.

इरा म्हणाली, "माझ्या छातीत पारवा आहे. तो सकाळी उठतो."

"सगळ्यांत बरोबर हिने सांगितलं!" बाई म्हणाल्या.

*

एकदा फुंकायच्या यंत्रावर प्रयोग झाला. "समज, केकवरची मेणबत्ती आहे. विझव!"

इराने डोळे मिटले. मनात काहीतरी मागितलं. आणि न फुंकताच टाळ्या वाजवल्या!

"अजून एक-दोन वर्षं थांबू," बाईंनी यंत्र कपाटात ठेवलं.

*

बुवापाड्याची एक आई लेकीचा औषध ओढायचा पंप तांदळाच्या डब्यात लपवायची. "शेजारणीला कळलं तर उद्या हिचं लग्न कसं जमणार?"

लेक तीन वर्षांची!

मी खवळलो. "अहो ताई, आधी श्वास की आधी सोयरीक?" खोकत खोकत भाषणच ठोकलं.

तिने पाण्याची बाटली पुढे केली. "काका, आधी तुम्ही श्वास घ्या."

*

इराला काही आठवडे पंप दिला, मग बाईंनी तो बंद केला. "आता शिट्टी परत येते का, ते बघायचं."

त्यानंतर रोज पहाटे मी आणि सूनबाई इराच्या उशाशी. एका पहाटे नदीवरचं धुकं पार खिडकीपर्यंत आलं होतं. मी तिच्या छातीला कान लावला. आत नुसता श्वास, संथ, मऊ.

इराने डोळे उघडले. "पारवा गेला?"

"गेला गं, सोन्या!" मी म्हणालो.

तिला ते पटलं नाही. उठली आणि माझ्या छातीवर कान ठेवून बराच वेळ ऐकत राहिली. मग ओठांवर बोट ठेवून आईला म्हणाली,

"आई, हळू बोल ना. आजोबांकडे आलाय!"