आईचा पेला आणि ईटजवळचा तलाव

आई कुठंही निघाली की पिशवीत तिचा स्टीलचा पेला आधी जातो. नर्सच्या नोकरीच्या पहिल्या पगारातून घेतलेला, नाव कोरलेला. लग्नघरातसुद्धा ती त्यातूनच पाणी पिते, आणि आम्ही भावंडं त्यावरून तिला यथेच्छ चिडवत आलो. यंदा एप्रिलात ती म्हणाली, माझ्या माहेरी, भूमजवळच्या ईटला चला, बहात्तरच्या दुष्काळात आम्ही बांधलेला तलाव दाखवते. तेव्हाही पेला आधी पिशवीत गेला.

पुण्याहून टेंभुर्णीपर्यंत रस्ता झकास आहे. पुढं कुर्डुवाडी, बार्शी करत भूमकडं वळायचं. बार्शीत पोटभर जेवून घ्या. आम्ही 'पुढं बघू' म्हणालो आणि ईटपर्यंतची वाट शेंगदाण्यांवर काढली. बार्शी सुटली तशी आईची भाषा बदलली, आणि तिनं पेल्याची गोष्ट काढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तलावाच्या कामावर शेवंताकाकू पाणी पाजायला होत्या. इतरांना पेला, आमच्या बौद्ध वस्तीतल्यांना मात्र ओंजळीत वरून धार. पंधरा वर्षांच्या आईनं एका दुपारी तो पेला उचलून तोंडाला लावला. काकूंनी ओरडून मुकादमाला बोलावलं आणि सगळ्या वस्तीचं काम बंद झालं.

"आपलीच मानसं मला बोलली," आई म्हणाली. "पोरीनं पेला धरला म्हून चुली इझल्या, म्हनली."

काकू अजून आहेत आणि आपण त्यांच्याकडंच चाललोय, हेही तिनं तेव्हाच सांगितलं. दादानं गाडी कडेला घेतली. तिथं पुन्हा वरून धार आली तर काय करणार, असं तो तावातावानं विचारत होता. मला भीतीच वाटत होती. आई एवढंच म्हणाली, "गाडी चालू कर."

तलावात तळाला हिरवट पाणी होतं. आई तिथं फार रेंगाळली नाही.

काकू ओट्यावर बसल्या होत्या. नजर अधू झालेली. आईनं नाव सांगितलं, वस्ती सांगितली. सून पाणी आणायला आत गेली, तोवर आईनं आपल्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून काकूंपुढं धरलं.

काकूंनी पेला घेतला नाही. त्यांनी ओंजळ केली आणि तोंडाशी नेली.

"ओंजळ न्हाय, काकू," आई म्हणाली. "पेला धरा."

"कुन्या तोंडानं धरू, बाई?"

आईनं हात मागं घेतला नाही. शेवटी काकूंनी दोन्ही हातांनी पेला धरला. बोटांना कोरलेली अक्षरं लागली.

"कुनाचं नाव हाय?"

"माझं."

काकूंनी पेला रिकामा करून परत दिला. मग सुनेनं आणलेलं पाणी आई प्यायली, त्यांच्या पेल्याला तोंड लावून.

परतीच्या वाटेवर दादानं विचारलं, माफ केलंस का त्यांना? आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तहान लागली हुती."

तलाव बघायला जायचं तर उन्हाळा टाळा, एवढं वाचकांना सांगते. आमच्यापुरतं म्हणाल तर, परवा एका लग्नाला निघताना आईच्या पिशवीत पेला होताच. या वेळी तो दादानं ठेवला होता.